उराशिमा तारो आणि कागदाच्या थरांतला समुद्र

खोल चौकटीत बसवलेली आणि मागून दिव्याचा उजेड सोडलेली कागदी चित्रे अलीकडे समाजमाध्यमांवर आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांत वारंवार दिसू लागली आहेत. त्यांतला एक विषय मराठी पाहणाऱ्याला हमखास गोंधळात टाकतो. चित्रात समुद्राचा तळ असतो, प्रवाळ असते, पाठीवर माणूस घेऊन पोहणारे कासव असते, मागे वळणदार छपरांचा महाल असतो आणि कुठेतरी दोरीने बांधलेली एक लहानशी पेटी असते. कासवाला झुपकेदार शेपूट का आहे, महालाच्या एका बाजूला फुललेली चेरी आणि दुसऱ्या बाजूला बर्फ का आहे, आणि त्या पेटीत काय आहे, हे चित्र स्वतः सांगत नाही. जपानी पाहणाऱ्याला ते सांगावेही लागत नाही, कारण उराशिमा तारो या कोळ्याची ही दंतकथा त्याने लहानपणीच ऐकलेली असते.

या लेखात ती कथा आणि ती दाखवणारी कागदकला अशा दोन्ही गोष्टी समजावून घ्यायच्या आहेत. त्या वेगवेगळ्या सांगता येत नाहीत. कथेत समुद्र असला तरी तिचा विषय काळ आहे, आणि हलू न शकणाऱ्या कागदाच्या थरांत काळ कसा दाखवायचा, हीच हे चित्र करणाऱ्यापुढची मुख्य अडचण असते.

कथा काय आहे?

आज जपानमधील मुलांना सांगितली जाते ती कथा अशी. समुद्रकाठी काही मुले एका कासवाला त्रास देत असतात. उराशिमा तारो हा तरुण कोळी त्याला सोडवतो. पुढे ते कासव कृतज्ञतेने त्याला पाठीवर बसवून समुद्राच्या तळाशी असलेल्या र्‍यूगू नावाच्या महालात घेऊन जाते. तिथे ओतोहिमे ही राजकन्या त्याचा पाहुणचार करते. काही काळ आनंदात गेल्यावर त्याला घराची आठवण येते. निघताना ती त्याला एक पेटी देते आणि ती कधीही उघडू नकोस असे बजावते. गावी परतल्यावर घर नाही, आईवडील नाहीत, ओळखीचे कोणीच नाही, असे त्याला आढळते. महालात घालवलेल्या थोड्या दिवसांत इथे शेकडो वर्षे उलटून गेलेली असतात. गोंधळलेला तारो अखेर पेटी उघडतो, तिच्यातून धूर निघतो आणि क्षणार्धात तो पांढऱ्या केसांचा म्हातारा होतो.

त्या शेपटीचा उलगडा इथेच करून टाकू. जपानी चित्रपरंपरेत अतिशय वृद्ध कासवाच्या पाठीवर शेवाळ वाढून ते मागे झुलते, अशी कल्पना आहे. करकोचा हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार वर्षे, या लोकसमजुतीतून हे कासव दीर्घायुष्याचे चिन्ह झाले. म्हणजे ज्याला आपण शेपूट समजतो ते त्या प्राण्याचे वय आहे.

कासवाची निवडही सहज सुचण्यासारखीच होती. उत्तर प्रशांत महासागरातील लॉगरहेड जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी जवळजवळ पूर्णपणे जपानच्याच किनाऱ्यांवर अवलंबून असतात. त्यांची पिल्ले महासागर ओलांडून मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत जातात आणि वयात आल्यावर, पुष्कळ वर्षांनी, परत येतात. किनाऱ्यावरचा माणूस कासवाला पाण्यात जाताना पाहतो आणि ते कुठे जाते हे त्याला कधीच कळत नाही. इतके दिसल्यावर समुद्राखाली एखादा महाल कल्पिणे फार अवघड नव्हते.

ही एकच कथा आहे का?

नाही, आणि चित्र वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. सन ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात या कथेची अगदी छोटी नोंद आहे. सम्राट यूऱ्याकू यांच्या कारकिर्दीच्या २२व्या वर्षी, म्हणजे पारंपरिक गणनेनुसार सन ४७८ मध्ये, उराशिमाको नावाच्या माणसाने होडीतून गळ टाकला असता मोठे कासव लागले, ते स्त्री झाले, त्याने तिच्याशी संसार मांडला आणि तिच्यामागे तो समुद्रात गेला, इतकेच तिथे सांगितले आहे. परतणे नाही आणि पेटीही नाही. त्रास देणारी मुले तर नाहीतच.

आठव्या शतकाच्या आरंभी प्रांताप्रांतांची माहिती संकलित करण्याचा आदेश निघाला होता. त्यातून तयार झालेल्या तांगो प्रांताच्या वृत्तांतात कथा पुष्कळ विस्ताराने येते. मूळ वृत्तांत हरवला असून हा भाग नंतरच्या ग्रंथातील उताऱ्यामुळे वाचला आहे. यात कासव पाच रंगांचे आहे, आणि महालाच्या दारात नायकाला प्रथम सात मुले आणि मग आठ मुले भेटतात. ही सात मुले म्हणजे आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो त्या तारकांचा पुंज, आणि आठ मुले म्हणजे त्याच्याच शेजारचा रोहिणीभोवतीचा पुंज. समुद्राखाली गेलेला माणूस तारकांना भेटतो, हा तपशील कागदी चित्रांत फार क्वचित दिसतो. तो वापरायला हवा असे मला वाटते, कारण मागच्या थराला टाचणीने भोके पाडून उजेडाचे ठिपके आणणे या माध्यमात सर्वांत सोपे काम आहे.

‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहातील दीर्घ कवितेत शेवट सर्वांत कठोर आहे. पेटीतून पांढरा ढग निघून दूर जातो, नायक ओरडत, बाह्या हलवत त्याच्यामागे धावतो, जमिनीवर लोळतो, त्याची कातडी सुरकुतते, केस पांढरे होतात आणि शेवटी श्वास थांबतो. कवी वर त्याला मूर्खही ठरवतो.

मध्ययुगीन, म्हणजे साधारण मुरोमाची काळातील (चौदावे ते सोळावे शतक) कथापुस्तकांत ‘उराशिमा तारो’ हे नाव रूढ होते. तिथे नायक गळाला लागलेले कासव सोडून देतो, दुसऱ्या दिवशी होडीतून एकटी आलेली स्त्री त्याला भेटते, दोघे तिच्या देशी जाऊन लग्न करतात आणि तीन वर्षे एकत्र राहतात. तो परततो तेव्हा सातशे वर्षे लोटलेली असतात. पेटीतून तीन जांभळे ढग वर जातात, चोविशी-पंचविशीतला तरुण क्षणात बदलतो, पण मरत नाही. तो करकोचा होऊन आकाशात उडून जातो आणि पुढे देव म्हणून पूजला जातो. लग्न गाळलेली, मुलांना नीतिकथा म्हणून सांगता येईल अशी आवृत्ती मेइजी काळात (१८६८ ते १९१२) घडली. इवाया साझानामी यांनी १८९० च्या दशकात ती बालवाचकांसाठी सांगितली, शालेय पुस्तकांतून ती पसरली आणि १९११ च्या शालेय गीतामुळे सर्वांच्या तोंडी बसली.

चित्रासमोर उभे राहिल्यावर याचा उपयोग होतो. जांभळे ढग आणि करकोचा दिसला तर चित्रकाराने मध्ययुगीन कथा घेतली आहे. पांढरा धूर आणि दाढीवाला म्हातारा दिसला तर शाळेतली. कासवाऐवजी होडीतली स्त्री असेल तर तो माणूस बराच वाचून आला आहे.

समुद्राखाली महाल कुठून आला?

सर्वांत जुन्या नोंदीत नायक पोचतो ते होराई, म्हणजे चिनी परंपरेतील अमर लोकांचे बेट. समुद्रराजाचा महाल आणि त्याची कन्या यांना जपानची स्वतःची पार्श्वभूमी आहेच, पण ‘र्‍यूगू’ हे आजचे रूप बौद्ध ग्रंथांबरोबर आलेल्या कल्पनेने घडले, आणि तिचा धागा भारताशी जोडलेला आहे. ‘सद्धर्मपुंडरीक’ या संस्कृत ग्रंथात सागर नावाचा नागराजा आहे आणि त्याच्या लहान मुलीला बोधी प्राप्त होते, असा प्रसंग आहे. चिनी अनुवादकांनी ‘नाग’ या शब्दासाठी तिथल्या ड्रॅगनचा शब्द वापरला. त्यामुळे समुद्रतळाशी वैभवात राहणारा आपला नागराजा जपानपर्यंत पोचला तेव्हा त्याला मिशा, शिंगे आणि पंजे आलेले होते. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर सात फण्यांचा नागराजा आपल्या राणीसह बसलेला आहे. कागदी चित्रातील ओतोहिमेच्या वडिलांशी त्याचे दूरचे नाते आहे, हे मराठी पाहणाऱ्याला ठाऊक असायला हरकत नाही.

सपाट कागदाला खोली कशी येते?

थर-कागदकला म्हणजे एकाच चित्राचे जवळचे, मधले आणि दूरचे भाग वेगवेगळ्या कागदांवर कापून, ते कागद एकामागे एक थोडे अंतर राखून बसवणे. पाच ते दहा थर ही सर्वसाधारण संख्या. दोन थरांत काही मिलिमीटरच्या फोम बोर्डाच्या पट्ट्या घालतात. सर्वांत मागच्या थराला आकाश किंवा पाणी असते आणि सर्वांत पुढच्याला बहुधा खडकांची किंवा प्रवाळाची चौकट.

डोळ्याला खोली जाणवण्याची कारणे अनेक आहेत. पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते, पुढच्या थराची सावली मागच्यावर पडते, आणि डोके हलवले की जवळचा थर दूरच्या थरापेक्षा जास्त सरकतो. छापील चित्रात हे शेवटचे कधीच घडत नाही. म्हणून अशा चित्राचे छायाचित्र पाहणे आणि ते समोर उभे राहून पाहणे यांत फार फरक पडतो, आणि पडद्यावर पाहून ‘त्यात काय विशेष’ म्हणणाऱ्याला फार दोषही देता येत नाही.

मागून दिवा असेल तर उजेडाचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. आकाशकंदिलाचा कागद सांध्यापाशी दुहेरी चिकटवलेला असतो तिथे तो अधिक गडद दिसतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. थरांच्या चित्रात संपूर्ण रंगसंगती याच एका गोष्टीवर उभी असते. समजा, एक कागद त्याच्यावर पडलेला निम्मा उजेड पुढे सोडतो. मग एका थरातून ५० टक्के, दोनांतून २५, तीनांतून साडेबारा आणि चारांतून सुमारे सहा टक्के उजेड बाहेर येतो. उजेड ठरावीक मापाने वजा होत नाही, प्रत्येक वेळी उरलेल्याचा तितकाच हिस्सा घटतो. त्यामुळे पांढऱ्या कागदाखेरीज काहीही न वापरता, केवळ कुठे किती थर कापायचे हे ठरवून, लख्ख पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या छटा मिळवता येतात.

समुद्राच्या पाण्यातही उजेड याच नियमाने कमी होतो. प्रत्येक मीटर पाणी उरलेल्या उजेडाचा ठरावीक हिस्सा शोषते. शिवाय हा हिस्सा रंगानुसार बदलतो: तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच बराचसा नाहीसा होतो, निळा सर्वांत खोल पोचतो. समुद्राचा विषय या माध्यमात इतका बेमालूम बसतो त्याचे कारण हे आहे. इतर कोणत्याही देखाव्यात कागदाचा थर हा थरच राहतो. समुद्राच्या देखाव्यात तो पाण्याचे काम करतो. मधल्या दोन थरांत एखादा ट्रेसिंग कागद घातला की मागच्या आकृतींच्या कडा पुसट होतात आणि पाणी गढूळ, दूर पसरलेले वाटू लागते. जाणकार कलाकार मागच्या थरांत बारीक तपशील कापतच नाहीत, कारण पाण्यातून दूरचा तपशील दिसत नाही.

यात एक उलटेपणा मात्र आहे. खऱ्या समुद्रात उजेड वरून येतो आणि खोलात काळोख असतो. मागून उजळलेल्या चौकटीत सर्वांत दूरची जागा सर्वांत उजळ असते. भौतिकदृष्ट्या हे चूक आहे, पण या कथेला ते सोयीचे पडते: सर्वांत मागे महाल असतो, आणि उजेड त्याच्यातूनच येतो असे वाटते.

कापताना नेमके कठीण काय असते?

बारीक नक्षी कापणे सर्वांत कठीण वाटते, पण खरी कसोटी वेगळीच आहे. एका थरातील प्रत्येक भाग कुठेतरी उरलेल्या कागदाला जोडलेला असावा लागतो, नाहीतर तो गळून पडतो. हवेत उडणारा पक्षी काढणे चित्रकाराला सोपे आहे, कागद कापणाऱ्याला नाही. समुद्रात तर सगळेच तरंगते. मासा शेवाळाच्या पातीला टेकलेला, कासवाचा पाय लाटेत मिसळलेला, बुडबुड्यांची साखळी प्रवाळापासून निघालेली, असे आधार शोधावे लागतात. हे आधार लपले आहेत की उघडे पडले आहेत, यावरून काम किती विचाराने झाले आहे ते ओळखता येते.

जपानी कारागिरांनी ही अडचण फार पूर्वी दुसऱ्या कामासाठी सोडवली होती. किमोनोच्या कापडावर नक्षी छापण्यासाठी लागणारे कागदी साचे मिए प्रांतातील सुझुका परिसरात तयार होतात. त्यांना इसे कातागामी म्हणतात. हातकागदाचे थर कच्च्या पर्सिमॉन फळाच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवले की तो कागद कडक आणि पाण्याला दाद न देणारा होतो. ज्या नक्षीचे पट्टे सुटे पडण्याची भीती असते तिथे दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणून बसवतात. धागा रंगाला अडवत नाही, पण पट्टा जागेवर धरून ठेवतो. १९५५ मध्ये जपान सरकारने या तंत्राला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला.

लाटांच्या फेसासाठी आणि धुरासाठी कटरची धार उपयोगाची नसते, कारण ती कड फार नेटकी करते. तिथे हातकागदावर ओल्या कुंचल्याने रेघ ओढून कागद हलकेच ओढून फाडतात. जपानी हातकागद, म्हणजे वाशी, प्रामुख्याने कोझो या तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून होतो आणि त्याचे तंतू लांब असतात, त्यामुळे फाटलेल्या कडेला लव येते. हे लांब तंतू पाण्यात गुठळी न होता तरंगत राहावेत म्हणून कारागीर तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस मिसळतात. ही वनस्पती आपल्या भेंडीच्याच प्रजातीतली आहे, आणि भेंडी चिरणाऱ्याला त्या रसाचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. या पद्धतीने चौरस मीटरला दोन ग्रॅमपेक्षाही हलका कागद बनवता येतो. पेटीतून निघणारा धूर अशाच कागदाचा केला तर त्याच्या आरपार मागचा थर दिसत राहतो.

ही कला आजकालची आहे की जुनी?

एलईडी पट्टी लावलेली चौकट नवी आहे, कल्पना जुनी. एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) उत्तरार्धात आणि पुढे मेइजी काळात लाकडी ठशांनी छापलेले रंगीत कागद विकत मिळत. त्यांवरील आकृती कापून, दुमडून, पुढेमागे उभ्या केल्या की नाटकातील प्रसंग किंवा शहरातील देखावा तयार होई. याला तातेबांको म्हणतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक हे देखावे बाहेर मांडून आत मेणबत्ती लावत. काबुकी नाटकांचे प्रसंग त्यात लोकप्रिय होते, आणि खुद्द होकुसाई या विख्यात चित्रकारानेही सार्वजनिक स्नानगृहाचा असा एक संच तयार केला होता. युरोपात अठराव्या शतकात आउग्सबुर्ग येथील मार्टिन एंगेलब्रेख्ट हा प्रकाशक एकामागे एक लावायच्या कागदी देखाव्यांचे संच विकत होता, तेव्हा ही कल्पना एकट्या जपानची म्हणता येणार नाही.

होकुसाईचे नाव निघालेच आहे तर एक तक्रार नोंदवतो. उराशिमाच्या बहुतेक कागदी चित्रांत वरच्या भागात होकुसाईची प्रसिद्ध मोठी लाट चिकटवलेली असते. ती लाट कानागावाच्या समुद्रातली, १८३१ च्या सुमाराची, आणि तिचा या कथेशी काही संबंध नाही. उराशिमाचा तांगो किनारा जपानच्या दुसऱ्या बाजूला आहे. जपानचा समुद्र म्हटला की तीच लाट काढणे हा आळस आहे.

हलत नसलेल्या चित्रात शेकडो वर्षे कशी दाखवायची?

आता मूळ अडचणीकडे येऊ. थर जागा दाखवू शकतात. काळ त्यांना दाखवता येत नाही. जपानी चित्रकारांनी यावर शोधलेला एक उपाय जुन्या गुंडाळीचित्रांत दिसतो. क्योतो प्रांतातील इने गावाच्या हद्दीत उरा जिंजा हे उराशिमाचे देऊळ आहे. तिथे चौदाव्या शतकातील गुंडाळीचित्र जपले आहे. देवळात टांगायचे मोठे चित्रही आहे, त्यावर बोट ठेवून पुजारी भाविकांना कथा सांगतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र समोर धरून कथा गातात, त्याच जातीची ही प्रथा आहे. अशा चित्रांत एकाच देखाव्यात नायक पुन्हा पुन्हा काढलेला असतो. तोच माणूस इथे होडीत आहे, तिथे महालात आहे, पलीकडे किनाऱ्यावर आहे. पाहणारा चित्रावरून डोळे फिरवतो तेव्हा काळ सरकतो.

कागदी थरांत हा उपाय अधिक बळकट होतो. पुढच्या थरात गळ टाकणारा तरुण, मधल्या थरात कासवावर बसलेला, मागे महालात शिरणारा, अशी एकच व्यक्ती तीन खोलींवर ठेवली की नजरेला आत जाण्याचा रस्ताच मिळतो. परत येणारा नायक मात्र बहुतेकांना जमत नाही, कारण त्याला पुन्हा पुढच्याच थरात आणावे लागते आणि तिथे तरुण आधीच उभा असतो. चौकटीच्या एका कोपऱ्यात तरुण आणि त्याच थरात समोरच्या कोपऱ्यात म्हातारा, ही रचना मला सर्वांत योग्य वाटते. जागा तीच आणि काळ वेगळा, हे त्यातून विनाशब्द कळते.

दुसरा उपाय कथेनेच देऊन ठेवला आहे. मध्ययुगीन आवृत्तीत महालाच्या चार दिशांना चार ऋतू आहेत. पूर्वेचे दार उघडले की वसंत: प्लम आणि चेरी फुललेल्या, झाडीत पाखरू गाणारे. दक्षिणेला उन्हाळा, तळ्यात कमळे आणि झाडांत किरकिरणारे सिकाडा किडे. पश्चिमेला शरद, लाल झालेली मेपलची पाने, शेवंती आणि हरणाची साद. उत्तरेला हिवाळा, बर्फाने झाकलेल्या दऱ्या आणि कोळशाच्या भट्टीतून निघणारा एकाकी धूर. ही नुसती सजावट समजून सोडून देऊ नये. आपल्याकडे ऋतू एकामागून एक येतात, म्हणून वर्षे मोजता येतात. जिथे चारही ऋतू एकाच वेळी, शेजारी-शेजारी हजर आहेत तिथे मोजायला काही उरतच नाही. तारोला तिथे किती काळ गेला ते कळले नाही, त्याचे कारण चित्रातच काढलेले आहे. कथेने काळाची जागा करून टाकली आहे, आणि जागा दाखवणे हे तर थरांचे कामच.

त्याच आवृत्तीत पेटीचाही खुलासा आहे: कासवाने, म्हणजे त्याच्या कासवरूपी पत्नीने, उराशिमाची वर्षे घडी घालून पेटीत ठेवली होती. पेटी उघडणे म्हणजे ती घडी मोडणे. कागदावर काम करणाऱ्याला यापेक्षा नेमकी सूचना मिळणे कठीण आहे, तरी अनेक जण पेटीचा एक काळा चौकोन कापून मोकळे होतात. ज्याने पेटीच्या आत पंख्यासारख्या दुमडलेल्या कागदाच्या घड्या दाखवल्या, त्याला कथा कळली असे समजावे.

राजकन्येने अशी पेटी दिलीच का?

हा आक्षेप प्रत्येक ऐकणारा घेतो, आणि तो रास्त आहे. कासवाला वाचवणाऱ्याला शिक्षा, आणि तीही ज्याने पाहुणचार केला त्याच्याकडून? शालेय आवृत्तीपुरते पाहिले तर याला समाधानकारक उत्तर नाही, कारण तिने लग्न गाळले आणि लग्नाबरोबर कारणही गेले. आधीच्या कथांत ती त्याची बायको आहे. तो परत यावा अशी तिची इच्छा आहे आणि पेटी न उघडणे ही परतण्याची अट आहे. शिवाय घडी घातलेली वर्षे पेटीत आहेत तोवर तो तरुण राहतो. या दृष्टीने ती पेटी त्याचे संरक्षण आहे, आणि तिने ती त्याच्या हाती सोपवली, कारण ती वर्षे अखेर त्याचीच होती. मध्ययुगीन कथेत तो करकोचा होतो आणि कासवरूपी पत्नीसह देवपदाला पोचतो, तेव्हा शिक्षेचा प्रश्नही उरत नाही. दीर्घायुष्याची दोन चिन्हे, करकोचा आणि कासव, एका जोडप्यात एकत्र येतात आणि कथा मंगल होते. आक्षेप घ्यायचाच तर तो मुलांसाठी कथा कापणाऱ्यांवर घ्यावा.

मग हे सापेक्षतेच्या सिद्धांताचे पूर्वज्ञान होते का?

अशा कथा निघाल्या की हा दावाही निघतोच. अतिशय वेगाने प्रवास करणाऱ्याचा काळ मागे राहिलेल्यांच्या तुलनेत संथ जातो, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघते आणि प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. जपानमध्ये विज्ञानकथा लिहिणारे-वाचणारे या परिणामाला ‘उराशिमा परिणाम’ असेच म्हणतात. पण नाव दिल्याने कथा विज्ञान होत नाही. समजा तीन वर्षांच्या जागी तीनशेच वर्षे धरली, तरी हा शंभरपट फरक पडण्यासाठी प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९९.९९५ टक्के वेगाने जावे लागेल. उराशिमा तर महालात बसून होता. आपल्या पुराणांतही ककुद्मी राजा मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथे गायन संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. फार दिवसांनी गावी परतल्यावर सगळे बदललेले दिसणे हा माणसांचा सार्वत्रिक अनुभव आहे. या कथांना तेवढे मूळ पुरते.

यंत्राने कापलेले असेल तर ती कला कशी?

आज अनेक चित्रे संगणकावर रेखाटून कटिंग मशीनने किंवा लेझरने कापली जातात. लेझरने कापलेल्या कडेला बहुधा तपकिरी करपल्याची रेघ असते, हाताच्या कटरची कड स्वच्छ आणि वळणांवर किंचित असमान असते. यंत्रामुळे मनगटाचे श्रम वाचतात. कोणती आकृती कितव्या थरात ठेवायची, आधार कुठे लपवायचा, मागून किती उजेड येऊ द्यायचा, हे निर्णय यंत्र घेत नाही. माझे मत असे की यंत्राने कापलेले चित्र यंत्राने कापलेले म्हणून विकले तर त्यात गैर काही नाही. तयार आराखडा इंटरनेटवरून उतरवून त्याला हस्तकला म्हणणे मात्र फसवणूक आहे.

आणि कागद तो किती टिकणार?

कागद नाजूक असतो हा समज आपल्याकडील लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदामुळे झाला आहे. त्यातील आम्ल तंतूंना आतून खाते, म्हणून जुनी वर्तमानपत्रे पिवळी पडून चुरतात. चांगला वाशी जवळजवळ आम्लरहित असतो. जपानमध्ये सन ७०२ मधील कुटुंबनोंदणीचे कागद नारा येथील शोसोइन भांडारात आजही आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोने वाशी बनवण्याच्या तीन प्रदेशांतील कौशल्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा चित्र विकत घेताना कागद आम्लरहित आहे का, एवढे तरी विचारावे. रंगीत कागद असेल तर ते थेट उन्हात लावू नये, कारण कागदाच्या आधी रंग उडतो. दिव्याची पट्टी मागच्या थराला न चिकटवता चौकटीच्या कडेला, थोडी हवा खेळेल अशी बसवलेली असावी. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बुरशी आणि कसर या दोन शत्रूंपासून चित्र जपावे लागते, म्हणून ते बाहेरच्या भिंतीवर न लावता घराच्या आतल्या कोरड्या भिंतीवर लावावे आणि चौकटीची मागची फळी उघडता येईल अशीच करून घ्यावी.